गोंगाटाची वेधशाळा

पडदा हिरवा झाला तसा शाळेच्या ओसरीवर टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि डॉ. वृंदा खासनीस टाळी न वाजवता पडद्याकडे पाहत राहिली.

सकाळपासून तो पडदा लाल होता. तो लाल पाहूनच सातकडा गाव उतारावरून खाली आले होते. हाताला लागेल ते गाठोडे आणि कडेवरचे पोर सावरत, ओढ्यावरचा साकव ओलांडून अलीकडच्या शाळेत टेकले होते. शाळा काळ्या कातळावर उभी होती; तिला भय नव्हते. भय होते ते समोरच्या उताराचे. आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती, आणि तिथला मातीचा जाड थर पाणी पिऊन पिऊन फुगला होता.

“चला रे, चुली पेटवू,” कोणीतरी ओरडले. ओल्या पथाऱ्या गुंडाळल्या जाऊ लागल्या.

“मॅडम, डोंगराला आमचीच बाधा दिसतेय,” जीपवाला मारुती सकपाळ म्हणाला. “आम्ही उतरलो आणि त्याचा तापही उतरला!”

ओसरीवर हशा पिकला. वृंदाला हसू आले नाही. पाऊस चालूच होता, पाणी मुरतच होते. मग उतार एकाएकी घट्ट झाला तो कशाने?

“थांबा. कोणीही निघू नका,” ती म्हणाली. “मला एकदा तपासू द्या.”

“त्यात तपासायचं काय?” सरपंच सुगंधाताई ढेबे म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. “तुम्हीच शिकवलंत ना, पडदा सांगेल ते खरं? सकाळी लाल म्हणाला, ऐकलं. आता हिरवा म्हणतोय तर ऐकायचं नाही? म्हातारी माणसं ओल्या फरशीवर बसलीत. कोंबड्या डालल्यात त्या तशाच राहिल्यात. चहा होईस्तोवर वेळ देते. मग निघणार आम्ही.”

वृंदा जवळजवळ धावतच सातवीच्या वर्गात शिरली. तिथेच लोकवेधशाळेचे संगणक मांडले होते. भूविज्ञान संस्थेने आपली उपकरणे कुलपाबाहेर काढून पहिल्यांदाच लोकांच्या हाती दिली होती. सातकड्याच्या प्रत्येक घराच्या जोत्यात, देवळात, गिरणीत, साकवापाशी आणि शाळेतही नारळाएवढा एकेक भूकर्ण पुरला होता, जमिनीची बारीकशी थरथरही टिपणारा कान. तो कसा बसवायचा, त्याचा आलेख कसा वाचायचा, हे वृंदाने गावाला स्वतः शिकवले होते. त्यातून निघणारा निष्कर्ष जसाच्या तसा, त्याच क्षणी, ओसरीवरच्या पडद्यावर आणि ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर दिसे. हिरवा म्हणजे माती घट्ट, लाल म्हणजे माती सुटू लागली. काहीही लपवायचे नाही, हा तिचा हट्ट होता, आणि त्यासाठी ती संस्थेतल्या वरिष्ठांशी भांडली होती.

त्या वरिष्ठांतले सर्वांत वरिष्ठ, प्रा. यशवंत हुद्दार, आत संगणकापुढे बसले होते. ते तिचे गुरू. निवृत्त झाले होते, तरी ही ‘ध्वनिवेध’ पद्धत मूळची त्यांची म्हणून पावसाळाभर इथे राहायला आले होते.

“सर, गोंगाट कुठाय?” वृंदाने विचारले.

“बाहेर बसून चहा पितोय,” हुद्दार वळून न पाहता म्हणाले.

तिच्या मनातली शंका त्यांनी एका वाक्यात खरी करून टाकली होती. ध्वनिवेधाला स्वतःचा आवाज नसतो. तो उसन्या आवाजावर चालतो. गावात माणसे दळतात, कांडतात, पंप लावतात, पोरे उड्या मारतात. त्या धक्क्यांच्या लहरी एका घराच्या भूकर्णाकडून दुसऱ्या घराच्या भूकर्णाकडे मातीतून जातात. घट्ट मातीत लहर धावते, पाण्याने सुटलेल्या मातीत रेंगाळते. त्या वेगावरून उताराची प्रकृती कळते.

“माणसं उतरली, मातीतल्या लहरी थांबल्या,” हुद्दारांनी पडद्यावरच्या एका संथ, रुंद वळणावर बोट ठेवले. “आता भूकर्णांना ऐकू येतंय ते एवढंच. डोंगरापलीकडच्या बोगद्यातली अवजड वाहनं. ही लहर लांब असते. मातीच्या थराशी तिला देणंघेणं नाही, ती खालच्या कातळातून येते. आणि कातळात ती धावणारच.”

“आणि आपलं गणित त्यालाच मातीचा वेग समजलं.”

“समजणारच. आपण ते नांदत्या गावावर बेतलं, वृंदा. रिकामं गाव आपण कधी मोजलंच नाही.”

“म्हणजे हा हिरवा कातळाचा आहे.”

“कातळाचा. घरं आहेत मातीवर.” हुद्दारांनी चष्मा काढून डोळे चोळले. “ते वर गेले की पावलं वाजतील आणि पडदा पुन्हा लाल होईल. अगदी खरं सांगेल. फक्त ऐकणारे तोवर उतारावर असतील.”

बाहेर कपबशा वाजत होत्या.

“रंग बदल,” हुद्दार म्हणाले. “हातानं लाल कर. आत्ता.”

“खोटा लाल?”

“खोट्या हिरव्यापेक्षा बरा.”

“आम्ही रंग हातानं भरतो हे एकदा कळलं, सर, तर पुढच्या पावसाळ्यात खऱ्या लालवर घर कोण सोडेल? मी त्यांना समजावते.”

“चारशे ओल्या, भुकेल्या माणसांना लहरीची लांबी समजावणार? एमएस्सीच्या वर्गात मला दोन तास लागायचे, आणि तरी निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायची. लोकांना आकडे द्यायचे नसतात, निर्णय द्यायचा असतो. पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

“आणि मी पहिल्या दिवसापासून ऐकत नाहीये.”

“नाहीच ऐकत तू.” ते किंचित हसले आणि त्यांनी खुंटीवरचा रेनकोट काढला. “बरं, समजाव. मी जीपमधलं सामान भिजलंय का बघून येतो.”

वृंदा ओसरीवर आली. तिने सोप्यात सोप्या शब्दांत सुरुवात केली, हातांनी थर दाखवले, कातळ आणि माती वेगळी करून सांगितली. पण माणसांचे अर्धे लक्ष गाठोड्यांत होते. तीही बोलता बोलता नको तिथे अडखळत होती.

“म्हणजे सकाळी खरा, आता खोटा,” मारुती म्हणाला. “तुम्हाला हवा तेव्हा खरा!”

“असं नाही, भाऊ...”

“चहा झाला, मॅडम,” सुगंधाताई उठल्या. “तुमचा मान ठेवला. आता आमचंही बघायला नको का?”

लोक उठले. पुढची चार-पाच घरे साकवाच्या रोखाने चालूही लागली. वृंदा त्यांच्यामागे धावली, एका म्हातारीचे गाठोडे तिने अक्षरशः धरून ठेवले. आणि त्याच वेळी चालणाऱ्यांच्या खिशांतले मोबाइल एकदम ओरडले.

पडदा लाल झाला होता.

माणसे जागच्या जागी थबकली, मग मुकाट्याने मागे वळली. “थोडक्यात वाचलो,” कोणी म्हणाले. सुगंधाताईंनी वृंदाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमचंच खरं झालं, मॅडम. चुकलं आमचं.”

वृंदाने मात्र हातातले गाठोडे सोडले. तिनेच आत्ता सांगितले होते: वर आवाज नसेल तर लाल दिसणार नाही. मग हा लाल कुणाच्या आवाजाचा?

ती वर्गात धावली. आलेखावर आखूड, टोकदार ठोके उमटत होते. एक, मग विराम, मग दुसरा. सगळे गावाच्या वरच्या अंगाच्या देवळाजवळून येणारे. खिडकीबाहेर उभ्या जीपचे मागचे दार उघडे होते. भूकर्ण बसवताना जमिनीवर लोखंडी पट्टी ठेवून जो घण मारत, तो घण तिथे नव्हता.

ती खुर्चीवर बसली. गप्प राहिले तर काय होते? लाल टिकतो. गाव जागचे हलत नाही. चारशे माणसे सुरक्षित, आणि एक सदुसष्ट वर्षांचा माणूस हात चालतील तोवर किंवा उतार धरून राहील तोवर घण मारत राहतो. सांगितले तर? तरणी पोरे त्यांना आणायला वर धावतील. संस्थेतल्या कोणालाही विचारले असते, तर त्याने हिशेब करून ‘गप्प राहा’ म्हणूनच सांगितले असते.

पण सर वर गेले होते ते एका गृहीतकावर, की लोकांना हे कळणार नाही. ते गृहीतक खोटे ठरल्याशिवाय ते खाली उतरणार नव्हते.

ती बाहेर आली. या वेळी तिने हातवारे केले नाहीत.

“हा लाल खरा आहे,” ती म्हणाली. “आणि तो दिसतोय, कारण वर एक माणूस आहे.”

सुगंधाताई पडद्याकडे पाहत राहिल्या. “आवाज नाही तर वेध नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणजे मघाचा हिरवा... आम्ही तिथं नव्हतो म्हणून?”

“म्हणूनच.”

“आणि आता वर कोण?”

“हुद्दार सर. तुम्ही परत जाऊ नये म्हणून घण मारतायत.”

मारुतीने जीपची किल्ली काढली. त्याच्यामागे चौघे उठले.

“मारुती, बस खाली,” सुगंधाताई म्हणाल्या.

“ताई, म्हातारा माणूस...”

“तू वर गेलास तर त्यानं घण कशासाठी उचलला? बस म्हणते ना!”

मारुती बसला. वृंदाने फोन लावला. बराच वेळ तो नुसता वाजत राहिला.

“कोणी निघालं का?” पलीकडून धापा टाकत हुद्दार म्हणाले.

“नाही. सर, खाली या. मी त्यांना सगळं सांगितलंय. तुमच्यासकट.”

“मूर्ख आहेस! आता धावत येतील.”

“कोणीही आलेलं नाही.”

“मी थांबलो की पडदा हिरवा होईल. मग कशी थोपवशील?”

सुगंधाताईंनी फोन तिच्या हातातून घेतला. “काका, सरपंच ढेबे बोलतेय. हिरवा झाला की आम्हाला एवढंच कळेल, की वर माणूस नाही. उतार बरा झाला असं नाही कळणार. आता घण टाका आणि उतरा. गावात पाहुणा एकटा ठेवून आम्ही खाली बसलोय, बरं दिसतं का ते?”

पलीकडे घण खाली टाकल्याचा आवाज आला.

“हे एवढं नेमकं,” हुद्दार म्हणाले, “माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी लिहिलं नाही,” आणि फोन बंद झाला.

ठोके थांबले. वृंदाने रंगांचा नकाशा काढून टाकला, बोगद्याची लांब लहर गाळली आणि पडद्यावर साधे ठिपके आणले; एकेका भूकर्णाचा एकेक ठिपका, कंप जाणवला की उजळणारा. पण सगळेच ठिपके मंद लुकलुकत होते. ओसरीवरच्या शेकडो पायांची चुळबूळ ओढ्यापलीकडेही पोचत होती.

“पाय हलवू नका,” ती म्हणाली. “कोणीच. त्यांची पावलं ऐकू येऊ द्या.”

आयांनी पोरे उचलून घेतली. कोणी अर्धवट वाकला होता, तो तसाच राहिला. एकेक करून ठिपके विझले. मग अगदी वर एक उजळला.

“देऊळ,” कोणीतरी पुटपुटले.

त्याच्या खालचा उजळला. “आमची पडवी,” सुगंधाताई म्हणाल्या. मग “जाधवांचं.” मग “गिरणी.” सर झपाट्याने उतरत होते. “आमचं अंगण,” मारुती म्हणाला, आणि पडद्यालाच बजावू लागला, “पायरी शेवाळलीय, जपून, काका, डावीकडनं.” तो ठिपका बराच वेळ थरथरत राहिला, मग विझला. पुढचा उजळेना. उजळला.

आणि एकाएकी सगळे वरचे ठिपके एकदम पेटले. असे लख्ख कधी पेटले नव्हते. देऊळ विझले. ढेब्यांची पडवी विझली. जाधव, गिरणी, सकपाळ. ओळीमागून ओळ विझत खाली आली. ज्याचे घर त्याला कळत होते. तरी कोणी हलले नाही. मग आवाज पोचला, पायाखालची फरशी थरारली, छपराची दोन कौले अंगणात फुटली. ओढ्यापलीकडे नुसता करडा धूर आणि पाऊस. साकव दिसेना. साकवाचा ठिपका उजळलेला कोणी पाहिला नव्हता.

हादरा ओसरला. पडद्यावर एकच जिवंत ठिपका उरला होता, शाळेच्या स्वतःच्या जोत्यातला, आणि तोही शांत होता.

मग तो उजळला. अगदी फिका. विझला. पुन्हा उजळला, पावलाच्या तालात, मघापेक्षा थोडा ठळक.

वृंदाने पडद्यावरची नजर काढून ओसरीभर फिरवली. सुगंधाताई खाली, आपल्या पावलांकडे पाहत होत्या. मारुतीही पाहत होता. पाहता पाहता सगळे गाव आपापल्या पावलांकडे पाहू लागले.

एकही पाय हलला नव्हता.