गाठ मारलेली काडी

घरटं बघून मालक ओळखायचा, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. चिखलाची उघडी वाटी चिकटवलेली असेल तर ते पाखरू तारवाली भिंगरी. सुरई आडवी ठेवावी तसं लांब मानेचं घरटं असेल तर लाल बुडाची. कडे, धरणं, पूल, जिथे म्हणून चिखल चिकटेल तिथे ही मान वर करून उभी. "हिच्या पायालाही भिंगरी आणि डोक्यातही भिंगरी," असं तिचा दादा म्हणायचा. तो तरी कुठे वेगळा होता? दोरावर चढायचा तो, आणि खाली उभं राहून चुका काढायची ती.

दोन वर्षांपूर्वी दादा दोर तुटून नदीत पडला, तो घरामागच्या जुन्या पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली. पाण्याला ओढ होती. खूप शोधलं, पण तो सापडला नाही. आता तो पूल पाडायचा होता. नांदतं घरटं असेल तर सुरुंग लावता येत नाही, म्हणून सगळी घरटी रिकामी आहेत असा तिचा शब्द हवा होता. ती हे काम नाकारणार होती, पण वहिनी ऐकेना. दादा गेल्यापासून वहिनी तिच्याकडेच राहायची, आणि घराच्या मागच्या खिडकीतून नेमका तो पूल दिसायचा.

"तूच जा. आणि रिकामी आहेत म्हणून सांगून ये," वहिनी म्हणाली. "तो पूल डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

तिलाही दुसरं काही नको होतं.

पहिल्या दिवशी ती क्रेनच्या पाळण्यात बसून कमानींखाली गेली. पिल्लं केव्हाच उडून गेली होती, घरटी खडखडीत वाळली होती. तरी तिने दादाने घालून दिलेली पद्धत सोडली नाही: प्रत्येक तोंडात गवताची काडी आडवी बसवायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पडलेली दिसली तर आत कोणीतरी नांदतंय असं समजायचं. वाऱ्याने आलेल्या काडीत आपली काडी हरवू नये म्हणून दादा तिला गाठ मारायचा, टोक दोनदा उलटं फिरवून. ती गाठ तिला कधीच जमली नाही. तिने साध्या काड्या लावल्या.

तिसऱ्या कमानीत एक घरटं निराळंच होतं. घडण सुरईची, आकार घागरीएवढा. भिंगरी चोचीत मावेल तेवढीच चिखलाची गोळी आणते, फार तर हरभऱ्याएवढी. इथे एकेक गोळी लिंबाएवढी होती. तोंडाशी चिखल ओला होता.

"हे कुणाचं हो?" इंजिनिअर साहेबांनी खालून विचारलं.

"बघते," ती म्हणाली. तिला उत्तर येत नव्हतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. तोंडात तिची दोन बोटं जेमतेम जात होती. तिथेही तिने एक काडी लावली.

दुसऱ्या दिवशी साहेब वाटच बघत होते. "भिंगरीबाई, आज तरी हो म्हणा. माझा जीव टांगणीला लागलाय."

"टांगणीला तर मी आहे, साहेब," पाळण्यात चढत ती म्हणाली.

बाकी सगळ्या काड्या जागच्या जागी होत्या. ती तिसऱ्या कमानीखाली आली. तिथेही काडी होती.

तिला गाठ मारलेली होती.

टोक दोनदा उलटं फिरवलेलं.

ती घाबरली. भिंगरी तोंड आवळत आणते, आपल्या अंगाच्या मापाचं करते. हे तोंड रात्रीत रुंद झालं होतं.

तिने हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. आत गार होतं. अस्तर पिसांचं नव्हतं, लोकरीचं होतं. ओढला तसा एक धागा हातात आला. हिरवा.

पडला त्या दिवशी दादाच्या अंगात वहिनीने विणलेला हिरवा स्वेटर होता.

"काय, रिकामंच ना?" खालून आवाज आला.

"नाही. नांदतं आहे."

"कोण आहे?"

तिने पाळणा खाली घ्यायला सांगितलं.

घरी पोचली तेव्हा दारात लख्ख ऊन होतं. पूल इतक्यात पडणार नाही हे ऐकून वहिनी भडकली. "एक शब्द बोलायचा होता तुला! एवढंही झालं नाही?"

तिने धागा टेबलावर ठेवला.

वहिनीने तो उचलला, बोटांत चोळून पाहिला. तिचा आवाज एकदम खाली आला. "हा स्वेटरचा नाही. दोन वर्षं पाण्यात राहिलेली लोकर अशी राहत नाही. हा उरलेल्या गुंड्यातला आहे."

गुंडा मागच्या खिडकीत, विणकामाच्या टोपलीत असायचा. दोघी आत गेल्या. टोपली रिकामी होती. खिडकीच्या गजांमधून हिरवा धागा बाहेर गेला होता, झुडपांवरून, खाली नदीच्या दिशेने, ताणलेला.

त्याचं टोक गजाला बांधलेलं होतं. दोनदा उलटं फिरवून.

गाठ खोलीच्या बाजूने मारलेली होती.