गायधनींची फाईल

पंचवटीतल्या देवळात बुवांचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं, आणि माझ्या डाव्या हाताला कुणीतरी खटकन बटण दाबलं.

वळून पाहिलं तर पुरुषांच्या रांगेच्या कडेला, खांबाला टेकून एक तरुण बसलेला. मांडीवर टेपरेकॉर्डर. शांतपणे कॅसेटची बाजू उलटत होता. कीर्तनात कुणी खोकलं तरी माझं मन खट्टू होतं... आणि इथे तर यंत्र! मध्यंतरात बुक्क्याचं ताट फिरलं तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, "देवाच्या दारात तरी हे बंद ठेवाल का?"

"बंद ठेवलं तर बुवा समजावून कसे सांगतात, ते घरी कसं ऐकू?" तो म्हणाला. बुक्का त्याच्या कपाळावर तिरपाच लागला होता. मला हसू आलं — आणि हसू आलं याचा रागही आला.

तिसऱ्या दिवशी तोच माणूस फाईल घेऊन माझ्या टेबलासमोर उभा.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणातली. नव्या छोट्या उद्योगांना भांडवल देणाऱ्या एका कार्यालयात मी काम करत होते. आलेला प्रस्ताव पारखायचा, माल खपेल का, माणूस टिकेल का ते पाहायचं आणि साहेबांना अहवाल द्यायचा. या फाईलवर नाव होतं शामसुंदर गायधनी. चार वर्षं शाळेत विज्ञान शिकवून नोकरी सोडलेली. सातपूरला एक शेड घेतलेली. तिथे तो शाळांसाठी संच बनवायचा — एक टेपरेकॉर्डर, पुठ्ठ्यावरची चित्रं पडद्यावर दाखवणारं एक यंत्र आणि बारा धडे. टेप धडा सांगणार, घंटी वाजली की गुरुजींनी चित्र बदलायचं. त्याला आता शंभर संच करायचे होते.

"तुम्ही?" तो म्हणाला. "म्हणजे माझं यंत्र बंद ठेवायचं की नाही, हे शेवटी तुम्हीच ठरवणार."

त्यानंतर तो वरचेवर येऊ लागला. प्रत्येक वेळी एखादा कागद कमी. शेडचा करार आणला तर नकाशा नाही, नकाशा आणला तर वीजमंडळाचं पत्र नाही. शेजारच्या टेबलावर ढुंढिराजराव बसत. ऑफिसातले सगळ्यात कडक तपासनीस, सहीची शाई वाळल्याशिवाय कागद न उचलणारे. ते चष्म्यावरून म्हणाले, "दाणीबाई, हा गृहस्थ एकेक कागद मुद्दाम घरी विसरतो हं." मी मान खाली घालून फाईलची नाडी बांधली. तीन वेळा बांधली. सुटतच होती.

पण फाईलमध्ये एक वाईट गोष्ट होती. आधी चौदा शाळांना दिलेल्या संचांपैकी अकरा परत आले होते. सगळ्या मुख्याध्यापकांची तक्रार एकच — टेप मध्येच गप्प होते. शेडवर लावली तर ठणठणीत चालते, असं शामसुंदर सांगायचा. बिचारा स्वतःच गोंधळला होता.

म्हणून मी सातपूरला गेले. त्याने टेप लावली. त्याचाच आवाज, संथ, गोड. "डोंगरात उगम पावलेली नदी वाहते, वाहते, आणि शेवटी जाऊन मिळते..."

टेप गप्प.

"समुद्राला," मी म्हटलं. आपोआप. टेप पुढे सुरू झाली.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. कीर्तनात बुवा चरण अर्धा सोडतात आणि उरलेला शब्द सगळी सभा म्हणते. जन्मभर तेच ऐकलेल्या या माणसाने धडे सांगताना तशाच जागा सोडल्या होत्या. शाळेतल्या गुरुजींना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी ते बंद करून परत पाठवलं.

"इथे मुलांनी बोलायचं, हे तुम्ही कुठे लिहून दिलंय का?"

"...ते सांगावं लागतं?" त्याने विचारलं. अगदी मनापासून.

त्या क्षणी मला त्याच्या धंद्याची फार काळजी वाटली. आणि त्याची — त्याहून जास्त.

संच परत न करणाऱ्या शाळांपैकी एक होती नामपूरची. आम्ही एसटीने गेलो. तिथले निवृत्ती गुरुजी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनी टेप लावली आणि वर्ग नुसता दुमदुमला. शब्द सुटला की चाळीस पोरं एकदम. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर थांबले होते, त्यांचे ड्रायव्हर खिडकीशी येऊन ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना मी गुरुजींना विचारलं, यंत्र कसं आहे?

"यंत्र झकास शे, बाई," ते म्हणाले. "पण मी रजेवर व्हतो तवा दुसऱ्या मास्तरनं लावलं. पोरं तोंडं उघडीनात."

झालं. माझा जीव तिथेच अडकला. चांगलं नेमकं काय होतं — यंत्र, की निवृत्ती गुरुजी?

परतीच्या एसटीत सटाण्यापुढे सर आली. खिडकीची काच काही खाली सरकेना. शामसुंदरने हातातलं पुठ्ठ्याचं चित्र खिडकीला धरलं. नदीचंच होतं ते. रंग ओघळून त्याच्या बाहीवर आले, तरी त्याने हात काढला नाही. माझ्यावर एक थेंब पडला नाही.

"काय वाटतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"कशाबद्दल?"

"...यंत्राबद्दल."

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसले. काय बोलणार — मलाच कळत नव्हतं.

घरी बसून मी अहवाल लिहिला. गुरुजींना दोन दिवस शिकवलं तर हा उद्योग उभा राहील, द्यावं भांडवल. वाचला, पटला. मग वाटलं, हे मी लिहिलंय की त्या ओल्या बाहीने? लगेच दुसरा लिहिला. शंभर शाळांतल्या गुरुजींना शिकवायला हा एकटा माणूस कुठे कुठे पुरणार, देऊ नये. तोही पटला. मग वाटलं, पक्षपात नको म्हणून मी त्याच्यावर उगाच कडक होतेय. देवापुढे बसून दोन्ही पुन्हा वाचले. देवही काही बोलेना.

सोमवारी तो ऑफिसात आला. मी त्याला बाहेरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि सांगितलं की मी फाईल सोडतेय, ती आता ढुंढिराजरावांकडेच जाईल.

त्याचा चेहरा उतरला. "ते तर नाहीच म्हणतील."

"बहुतेक."

"मग तुम्ही का सोडताय? माझं सगळं या फाईलवर आहे, गोदावरी." पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली.

मी पर्समधून साहेबांसाठी लिहिलेली चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. एकच ओळ होती. 'अर्जदार श्री. शामसुंदर गायधनी यांच्याबाबत मी निःपक्षपाती राहिलेली नाही, सबब हे काम दुसऱ्याकडे द्यावे.'

त्याने ती वाचली. पुन्हा वाचली. चहावर साय धरली.

"साहेबांनी पाहिलं हे?"

"नाही. आधी तुम्हाला..."

"आणि तुम्ही अहवाल दिला असता, तर काय लिहिलं असतं?"

"तेच तर समजत नाहीये मला," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, ढुंढिराजरावांनाही तो नामपूरला घेऊन जाईल, काय व्हायचं ते होईल. खिशातलं पेन काढून त्याने कागद बाकावर ठेवला आणि माझ्या सहीखाली, वर्गात फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं — 'अर्जदारही निःपक्षपाती राहिलेला नाही.' खाली सही, तारीख.

आता हा कागद साहेबांपुढे कसा ठेवायचा? रीतीप्रमाणे मी चिठ्ठी नव्याने लिहायला हवी होती.

मी तशीच घेऊन गेले.