बांधणाऱ्याचं नाव

दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. इस्पितळातली त्रेचाळीस मशीन तपासून झाली होती, एकच उरलं होतं. काम म्हणजे हमालीच. प्रत्येक कॉम्प्युटरसमोर बसायचं, एक ओळ टाइप करायची आणि त्याच्या कर्नेलचं, म्हणजे सगळं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या गाभ्याचं, व्हर्जन वहीत उतरवायचं. पाय भरून आले होते.

शेवटचं मशीन रक्तपेढीतलं. ते फ्रिजच्या तापमानावर लक्ष ठेवतं, त्यामुळे बंद करायची सोय नाही. बसवलं होतं ह्यांनी. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या जागी मला घेतलं.

ओळ टाइप केली. व्हर्जन आलं, पुढे कर्नेल कुणी बांधला, म्हणजे तयार केला, आणि कधी. नाव ह्यांचं. ते असणारच होतं. तारीख मात्र आजची होती. वेळ तीन दहा.

"इथे कोण बसलं होतं?"

रक्तपेढीच्या बाईंनी पिशव्यांवरची नजर काढली नाही. "कुणी नाही हो, ताई. सकाळपासून मी एकटीच. जेवायलासुद्धा उठले नाही."

नवा कर्नेल बसवला की मशीन एकदा बंद करून चालू करावंच लागतं. "मशीन मधे बंद पडलं होतं?"

"छे! पडलं असतं तर फ्रिज बोंबलला असता."

नेटवर्कची केबल जोडलेलीच नव्हती. मशीनचं घड्याळ माझ्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं.

व्हर्जनच्या शेपटीला एखादा शब्द चिकटवायची ह्यांना खोड होती. कधी लेकीचं लाडाचं नाव, कधी 'भूक'. मघाशी ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. आता वाचलं.

'दमलीस'.

पुन्हा तीच ओळ टाइप केली. वेळ बदलली होती, तीन बेचाळीस. कर्नेल बांधायला पाऊण तास लागतो.

शेपटीला 'बस जरा'.

"चेहरा उतरलाय तुमचा," बाई म्हणाल्या. "पाणी देऊ?"

"नको."

उठायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर दोन वर्षांत मला कुणी 'बस जरा' म्हटलं नव्हतं.

तिसऱ्यांदा एंटर दाबलं.

'ये'.

वेळ चार वाजून पाच. मी मनगटावर पाहिलं. तीन चव्वेचाळीस.

बांधणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

मी ते वहीत उतरवलं, पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.