मोजणीदाराचं मडकं

"कुठला?" तिने मान वर न करता विचारलं.

"काय कुठला?"

"पदार्थ हो. तुम्ही नाही."

"मग ठीक. माझं सांगणं जरा अवघड गेलं असतं."

आता मात्र तिने मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच, सडसडीत माणूस उभा होता. बाहेरच्या भुरभुर पावसाने केस ओले झालेले, बुटांना चिखल, आणि दोन्ही हातांत तान्हं बाळ धरावं तसं धरलेलं एक मातीचं मडकं. झाकण कणकेने लिंपून बंद केलं होतं. लिंपण इतकं वेडंवाकडं होतं, की हसू आवरायला तिला खालचा ओठ चावावा लागला.

रविवारी दहा वाजता शेवटचा पाव बाहेर आला, की तिच्या बाबांची भट्टी गल्लीच्या ताब्यात जायची. घराघरांतून मडकी, पातेली, तसराळी यायची आणि उरलेल्या आचेवर दुपारपर्यंत शिजायची. हे सगळं सांभाळणं तिचं काम. ती मडक्यांवर माणसांची नावं लिहीत नसे, पदार्थ कुठला ते लिहून चिठ्ठी बांधत असे. नदीकाठचे पदार्थ मासळीचे, नाजूक. ते भट्टीच्या तोंडाशी. खाडीकडचे आंबट, ते मधोमध. डोंगराकडचे चिवट, हाडामांसाचे. ते पार मागे, जिथे विटा अजून लाल असायच्या. पदार्थ कुठला हे कळलं, की त्याची जागा कळली. आणि बहुतेक वेळा तिला विचारावंही लागत नसे. मडकं काउंटरवर टेकायच्या आत तिचं नाक सांगून मोकळं. म्हणून तर गल्ली तिला नाकाडी म्हणायची. तसं तिचं नाक चांगलं सरळ, बेताचं होतं.

ती पुढे वाकली. वास घेतला. पुन्हा घेतला. मासळी... हो. पण मागून काहीतरी गोड? आणि धूर?

"कुठला आहे हा?" तिने पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात काम कमी आणि कुतूहल जास्त होतं.

"तुम्ही म्हणे नाकाने ओळखता. ओळखा ना!"

"मला वेळ नाही."

"मला आहे," तो हसून म्हणाला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती, डाव्या. हे तिने मुद्दाम पाहिलं नव्हतं... दिसलं, एवढंच.

तिने कोरी चिठ्ठी बांधली आणि मडकं मधोमध सरकवून दिलं.

दुपारी तो मडकं घेऊन गेला. झाकण उघडायचा प्रश्नच नव्हता. लोकांच्या मडक्यात डोकावणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र वाचणं, असं बाबा म्हणत. इतकी वर्षं तिने हा नियम पाळला होता आणि तो पाळणं कधी जड गेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती रात्रीच्या जेवणापर्यंत धुसफुसत होती.

"कोण होता गं तो?" आत्याने विचारलं. आत्या गल्ल्यावर बसायची आणि सुट्ट्या पैशांबरोबर बातम्याही घ्यायची.

"कोण तो?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला! ज्याच्या मडक्याशी तू चारदा जाऊन आलीस तो."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. पुन्हा मडकं, पुन्हा कणकेचं लिंपण, या वेळी थोडं बरं.

"मागच्या वेळी कोरडा झाला," तो म्हणाला.

"कोणता पदार्थ, कुठला, काही सांगणार नाही आणि कोरडा झाला म्हणून तक्रार करणार!"

"तक्रार कुठे करतोय? माहिती देतोय. तुम्हाला ओळखायला मदत."

"खाडीकडचा."

"नाही."

"डोंगराकडचा. धुरावर वाळवलेली मिरची आहे त्यात."

"मिरची आहे," तो म्हणाला. "डोंगराकडचा... नाही म्हणता येणार."

"हे कसलं उत्तर झालं?"

रांगेतल्या बाईने खाकरून आठवण करून दिली, की तिच्या हातातलं पातेलं गरम आहे. तो बाजूला सरला, पण गेला नाही. रांग संपेपर्यंत दाराशी पाव खात उभा राहिला, आणि मग तिने न विचारताच सांगितलं. तो मोजणीदार होता. जमिनी मोजायच्या, रस्ते मोजायचे, ओढे कुठे वळले ते पाहायचं. चार महिन्यांपूर्वी इथल्या नकाशा कचेरीत आला होता. कचेरीत दर वर्षी वर्षअखेरच्या रविवारी सगळे एकत्र जेवत. मोठ्या टेबलावर प्रांताचा जुना, रद्द झालेला नकाशा अंथरायचा आणि ज्याने त्याने आपल्याकडचा पदार्थ आणून नकाशावर आपल्या गावी ठेवायचा. मग साहेब प्रत्येक गावी जेवायला जात, म्हणजे टेबलाभोवती फिरत.

"किती छान!" ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला, पण त्याचं लक्ष हातातल्या पावाकडे होतं.

तो गेल्यावर आत्याने उरलेली बातमी पुरवली. ती तिने कचेरीच्या शिपायाकडून काढली होती. मोजणीची तुकडी नव्या वर्षात दूर कुठेतरी निघणार होती. याला विचारलं होतं, तुकडीबरोबर जातोस की इथेच टेबलावर बसून नकाशे काढतोस? जेवणाच्या दिवसापर्यंत काय ते कळवायचं होतं.

"आणि आजवर एकदाही कुठे थांबलेला नाही म्हणे," आत्या म्हणाली. "बारा गावचं पाणी प्यालेला माणूस आहे. जरा जपून."

"मला काय त्याचं!" ती म्हणाली आणि सुट्ट्या नाण्यांची मोजलेली चळत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

पण होतं. तिला त्याचं बरंच काही होतं. तो आठवडाभर ती पहाटे कणीक मळताना स्वतःलाच विचारत राहिली, की दोन रविवारांत पाचपन्नास वाक्यं बोललेल्या माणसाने थांबावं असं आपल्याला का वाटावं? उत्तर सापडलं नाही. वाटणं काही थांबलं नाही.

तिसऱ्या रविवारी तिने ठरवलंच होतं. मडकं आलं, तिने डोळे मिटून वास घेतला. धूर या वेळी सगळ्यांच्या वर होता.

"डोंगराकडचा," ती ठासून म्हणाली. "तुम्ही काहीही म्हणा."

"बरं, तसं समजा."

तिने चिठ्ठीवर 'डोंगर' लिहिलं आणि लांब दांड्याच्या फावड्याने मडकं पार मागे, लाल विटांपाशी सारलं.

तासाभराने वास आला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. फावडं घालून मडकं ओढेपर्यंत लिंपण काळं पडलं होतं आणि झाकणाच्या फटीतून निळसर धूर निघत होता. इतक्या वर्षांत भट्टीत एकही मडकं करपलं नव्हतं. बाबांनी एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पीठ चाळायला आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तो आला तेव्हा ती मडकं पुढ्यात घेऊन बसली होती.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "मी फाजील आत्मविश्वासाने... मला विचारायला हवं होतं. पुढचा रविवार जेवणाचा आहे. मी भरून देते, कसंही करून. फक्त एकदा सांगा, हा कुठला आहे?"

तो समोरच्या पिठाच्या पोत्यावर बसला.

"कुठलाच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझे वडील पूल बांधायचे. पूल झाला की आम्ही हलायचो. मी सात शाळांत शिकलो. प्रत्येक ठिकाणी आई शेजारणींकडून एक पदार्थ शिकायची, आणि आम्हाला तो आवडायला लागला की पूल पूर्ण व्हायचा. नव्या गावात ते जिन्नस मिळायचे नाहीत. मग तो पदार्थ संपला. सगळे आपापल्या गावचं आणणार... माझं गाव कुठलं, मला माहीत नाही. म्हणून म्हटलं, सगळं एकत्र करून बघू. एका ठिकाणचे जव, एका ठिकाणची मासळी, धुरावरची मिरची, सुके जर्दाळू—"

"मासळीत जर्दाळू?"

"चुकलं का?"

ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग नुसतीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता तिला कळलं, की त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. सात गावं. सात शाळा. आणि हा माणूस मडक्याला कणीक लिंपत बसला होता... एकट्याने, कुठल्याशा भाड्याच्या खोलीत.

"ऐका," ती डोळे पुसत म्हणाली. "सोपा उपाय आहे. मी तुम्हाला नदीकाठचा एखादा पदार्थ शिकवते. अर्ध्या दिवसात येईल. कुणाला कळणार आहे?"

"आणि मडकं ठेवू कुठे? जिथे एक दिवस राहिलो नाही त्या गावावर?" त्याने मान हलवली. "तुमची चिठ्ठी कोरी होती ना पहिल्या दिवशी... मला ती आवडली होती. खोटी तरी नव्हती."

ती उठली, चमचा आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या मडक्यात घातला. वरचं करपलं होतं, तळाचंही. मधला घास तिने तोंडात घेतला. तो तिच्या चेहऱ्याकडे असा पाहत होता, जणू निकाल लागायचा होता.

"मासळी काढा," ती म्हणाली.

"मासळी माझ्या लहानपणची आहे."

"असू दे. लहानपणच्या सगळ्याच गोष्टी मडक्यात मावत नाहीत. जर्दाळू राहू दे. मिरची अर्धी. जव आधी भिजवत नाही का तू?"

'तू' तिच्या तोंडून निघून गेलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं. कोणीच दुरुस्त केलं नाही.

"भिजवायचे असतात?" त्याने हळूच विचारलं.

"देवा रे!" तिने कपाळावर हात मारला.

त्या आठवड्यात रोज कचेरी सुटली की तो येत होता. ती जव भिजवायला शिकवायची, तो कांदा इतका बारीक आणि एकसारखा चिरायचा की बाबा येऊन बघून जायचे. जर्दाळू किती, यावरून त्यांचं दोनदा भांडण झालं. वरून काय पसरायचं ते काही सुचेना; शेवटी तिने शिळ्या पावाची कड कुस्करून लोण्यात परतली. भट्टीवाल्यांच्या घरी उरलेल्या पावाचं हेच होतं, दुसरं काय होणार? तो म्हणाला, "हे छान आहे." ती म्हणाली, "हे काहीच नाही, हे तर आम्ही रोज खातो." आणि एवढं सगळं बोलत असताना, जातोस की थांबतोस, हा एक प्रश्न तिने विचारला नाही. कितीदा तो ओठांवर आला... आणि कितीदा तिने त्याच्याबरोबर मिरची चाखून पाणी पिऊन टाकलं.

जेवणाच्या दिवशी तिने मडकं स्वतः भट्टीच्या तोंडाशी ठेवलं आणि हलली नाही. बारा वाजता बाहेर काढलं तेव्हा झाकणाखालून असा वास आला, की आत्या गल्ला सोडून उठली.

"फार गरम आहे," तो फडकं हातात घेऊन म्हणाला. "माझ्या हातून पडेल. तू... येतेस? एक बाजू धरायला?"

"एवढं काही जड नाही."

"नाही. पण येतेस का?"

आत्याने तिच्या कमरेचा पिठाचा एप्रन मागून सोडला सुद्धा.

नकाशा कचेरी दोन गल्ल्या पलीकडे होती. लांब खोली, उंच खिडक्या, आणि टेबलभर पसरलेला पिवळा पडलेला नकाशा. डोंगरावर दोन पातेली वाफाळत होती. नदीकाठी तर गर्दी होती. जो तो आपल्या पदार्थापाशी उभा राहून दुसऱ्याच्या पदार्थावर नजर ठेवून होता. मडकं मधे धरून दोघं टेबलाच्या कडेने चालू लागले. तिला वाटलं, हा आता कुठे थांबेल? पुलांपैकी एखाद्या पुलावर? की नकाशाच्या कडेला, जिथे नवी मोजणी सुरू व्हायची होती? तिचे तळहात फडक्यातूनही भाजत होते. आज याने काय कळवलं असेल? विचारायला हवं होतं. आता फार उशीर झाला होता.

तो नकाशावरच्या याच शहरापाशी थांबला. तिथे साहेबांचं मोठं पातेलं होतं. साहेब जन्मापासून इथलेच.

"साहेब," तो म्हणाला, "जरा सरकता का?"

"अरे, इथे कुठे? इथला मी!" साहेबांनी चष्मा वर केला. "तू आपल्या गावी ठेव की."

"तेच करतोय."

खोलीतले चमचे थांबले. साहेबांनी मडक्याकडे पाहिलं, मग मडक्याच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या, गालाला पीठ लागलेल्या मुलीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी आपलं पातेलं उचललं आणि चांगलं वीतभर पलीकडे, शेजारच्या तालुक्यात ठेवलं.

"तरीच सकाळी टेबलावर तुझं पत्र होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, या पोराला खुर्चीत बसायची अवदसा कुठून आठवली!"

मडकं टेकलं. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"सकाळी?" तिने विचारलं. "सकाळीच कळवलंस? आणि मला अख्ख्या रस्त्यात..."

"तू विचारलं नाहीस."

"मला भीती वाटत होती."

"मलाही," तो म्हणाला. "वाटलं, आधी सांगितलं आणि तू म्हणालीस, मला काय त्याचं... तर?"

लोक मडक्याभोवती जमले होते. कोणीतरी झाकण उघडलं, कोणीतरी "कुठला हो हा?" असं विचारलं, आणि साहेब ताट घेऊन पुढे सरसावले. या गडबडीत फडक्याखाली त्याने तिची बोटं धरली होती. ती भाजलेली होती. तिने सोडवून घेतली नाहीत.

"एक सांगू?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मला बरंच काही आहे त्याचं. पहिल्या रविवारपासून आहे."

त्याच्या डाव्या गालावर खळी उमटली.

"मग मी उद्या येतो," तो म्हणाला. "मडक्याशिवाय."