तिसरा मासा

निळ्या काठाच्या लांबट थाळीवर एकाच वेळी दोन हात पडले. एक मेव्हिसचा, सोड्यानं राठ झालेला. दुसरा पुरुषाचा, बोटाला शाईचा डाग असलेला.

"सोडा," मेव्हिस वर न बघताच म्हणाली. "दहा वर्षं घासलीय मी ही थाळी."

"आणि मी दोन वर्षं खाल्लंय तिच्यातलं..."

तो आवाज ओळखीचा होता. तिनं वर पाहिलं. केस पिकलेले, गळ्याला पाद्र्याची पांढरी पट्टी, आणि कान मात्र तेच, दोन्ही बाजूंना पळायला निघालेले.

"मिस्टर पेन्रोज," ती म्हणाली. थाळी काही सोडली नाही.

टेकडीवरचं ते कॉलेज पाद्री घडवायचं. शंभर वर्षांपूर्वी कुणा बिशपनं आठ जणांवर सुरू केलं, पुढं साठ झाले, लढाईत निम्म्या खोल्यांत जखमी शिपाई निजले. आता शेवटी उरले सहा. सहा जणांसाठी एवढी कौलं कोण शाकारणार? बंद झालं. आज जुन्या माणसांना बोलावलं होतं, ज्यानं त्यानं आठवणीची एकेक वस्तू न्यावी म्हणून. कुणी प्रार्थनेची पुस्तकं उचलली, कुणी मेणबत्तीची घरं. या दोघांना हवी होती माशाची थाळी.

मेव्हिसची आई तिथली स्वयंपाकीण. मेव्हिस तेव्हा एकोणीस वर्षांची, सकाळी वाढायला यायची. रात्रीच्या प्रार्थनेपासून न्याहारी संपेपर्यंत तिथं मौन. मीठसुद्धा मागायचं नाही. शेजाऱ्यानं आपणहून ओळखून द्यायचं. फारच अडलं तर ताटली पुढं सरकवून हात उताणा ठेवायचा. सिरिल पेन्रोजच्या पहिल्याच सकाळी तिनं त्याला धुरावलेला हेरिंग मासा वाढला. त्यानं तिच्याकडं असं काही पाहिलं, की तिला वाटलं, माशावर जीव आहे बिचाऱ्याचा! दुसऱ्या दिवसापासून दोन.

दुपारी तो भांडी पुसायला यायचा. पाळी नसली तरी यायचा.

"आज पुन्हा तुमचीच पाळी?" ती विचारायची.

"हॉकिन्सला सर्दी झालीय."

"गेल्या आठवड्यात पाय मोडला होता त्याचा."

"फार नाजूक आहे तो..."

"आणि एका बशीला पाव तास लागतो होय पुसायला?"

"ओली दिसते मला अजून."

"डोळे बशीवर ठेवले तर कोरडी दिसेल!"

एकदा भिंतीलगतच्या पिअरच्या झाडाला मोहोर आला होता, तेव्हा फडक्याखाली त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि बशी फुटली. आईनं दोघांनाही झाडलं.

आणि मग शेवटच्या दिवशी तो न्याहारीवरून उठला, टॅक्सीत बसला, गेला. शब्द नाही, पत्र नाही. मेव्हिसनं वर्षभर टपालवाल्याची वाट पाहिली, मग कोळसेवाल्या टेडशी लग्न केलं. टेड चांगला होता, लवकर गेला. पण पंचवीस वर्षं तिच्या घशात एकच काटा अडकलेला: हा माणूस न बोलता का गेला? आणि विचारायचं तर नाहीच, अशी तिची आण. नाक मोठं मेव्हिसचं, पहिल्यापासून.

आता ती म्हणाली, "न्या थाळी. तुम्हाला मासे आवडतात."

सिरिल हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"मेव्हिस, मला मासा बघवत नाही. लहानपणापासून."

"काय सांगता!"

"पहिल्या दिवशी मौन होतं, नको म्हणता येईना. आणि दुपारी तुम्ही म्हणालात, तुमचा मासा मी स्वतः निवडते. मग कुठल्या तोंडानं सांगू? आणि देवाची थट्टा बघा, मला चर्च मिळालं ते कोळ्यांच्या बंदरात. पंचवीस वर्षं दारात माशांच्या टोपल्या येतात."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "तरीही शेवटच्या दिवशी ताटली पुढं केलीत. हात उताणा. मी तिसरा वाढला."

सिरिलचं हसू विरलं. तो थाळीच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"दीक्षा होईपर्यंत लग्नाचं बोलायला प्राचार्यांची परवानगी लागायची. ती मिळाली आदल्या रात्री... प्रार्थनेच्या घंटेला. मौन सुरू झालं. सकाळी टॅक्सी. मी ताटली पुढं केली, आणि मी ताटलीकडं बघत नव्हतो, मेव्हिस. तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही मासा वाढलात. मला वाटलं... हाच तुमचा नकार."

थाळी टेबलावर ठेवून मेव्हिस बाकावर बसली.

"अरे गाढवा!" पंचवीस वर्षांचं 'तुम्ही' एका दमात गळून पडलं. "मौन मोडलं असतंस तर आभाळ कोसळलं असतं का? बोलणाऱ्याचे एरंड विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात!"

"राहिले ना पडून," तो हळूच म्हणाला. "लग्न नाही केलं मी."

बाहेर पिअरच्या झाडावरून पाऊस ठिबकत होता. खोलीतली माणसं आपापल्या वस्तू घेऊन निघाली होती. सिरिल तिच्यासमोर बसला. त्यानं ती रिकामी थाळी तिच्याकडं सरकवली, आणि शेजारी हात उताणा ठेवला.

मेव्हिसनं त्या हाताकडं पाहिलं. तिचा स्वतःचा हात आपोआप उचलला गेला होता, पण तिनं तो मांडीवर दाबून धरला.

"उंहूं. एकदा फसलेय मी खुणेला. कॉलेज बंद झालं, मौन सुटलं. तोंडानं माग."

त्यानं घसा खाकरला. कान लाल झाले, अगदी तेव्हासारखे.

"मेव्हिस... माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," ती म्हणाली आणि त्याच्या तळव्यावर आपला राठ हात ठेवला. "पण बंदरावरच्या टोपल्या मी खाणार. तुला अंडं उकडून देईन."

थाळी दोघांनी मिळून उचलली.