तीनशे ऐंशी

एकाच दारावर आम्ही दोघांनी एकदम टकटक केली.

"हे घर माझ्या यादीत आहे," मी म्हणाले.

"माझ्याही." त्याने कानामागची पेन्सिल काढून कागदावर टेकवली. "हे बघ, एकेचाळीस."

"हे चव्वेचाळीस आहे. आकडे वाचता येत नाहीत, तर सर्वेक्षणाला आलास कशाला?"

"तुझ्याशी भांडायला," म्हणून तो हसला... आणि दार उघडलं. आतल्या काकू म्हणाल्या, "आधी भांडून घ्या, मग या," आणि दार परत लावून घेतलं.

मी त्याचं नाव पेन्सिल ठेवलं, त्याने माझं वकीलबाई.

आम्ही दोघंही अकरावीत, शाळा वेगळ्या. फरशीच्या कारखान्यामागच्या आमच्या वस्तीतली बारा मुलं डॉक्टरबाईंनी निवडली होती. "आजवर बाहेरचे लोक येऊन तुमच्यावर अभ्यास करून गेले," त्या म्हणाल्या होत्या. "आता अभ्यास तुम्ही करायचा." घरोघर जायचं, खोकल्याचे प्रश्न विचारायचे, श्वास मोजायच्या नळीत तीनदा फुंकायला लावायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. अडीचशेच्या खाली आला की ते नाव तपासणीच्या यादीत. त्या नळीला आम्ही फुंकणी म्हणायचो.

सरावाच्या दिवशी तो माझ्यासमोर बसून फुंकायला लागला. आकडा आला एकशे वीस!

"अरे, जिवंत आहेस ना?"

"तू अशी बघत बसलीस तर... श्वास आणू कुठून?"

मी घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागले. कान मात्र गरम झाले होते.

डॉक्टरबाईंचा एक नियम होता: पेननेच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. हा पठ्ठ्या आधी पेन्सिलने लिहायचा आणि संध्याकाळी वरून पेन फिरवायचा. "माणसाला खोडायची एक संधी हवी गं," म्हणायचा. मला तेव्हा ते फार गोड वाटायचं.

स्वतःच्या घरी स्वतः जायचं नाही, म्हणून आमच्या घरी तो आला. बाबा अठरा वर्षं फरशी घासायच्या मशीनवर. त्यांनी तीनदा फुंकलं. सगळ्यात मोठा आकडा एकशे ऐंशी. मग ते खोकत खोकत पाणी प्यायला आत गेले.

यादीत नाव गेलं की कारखान्याला कळणार, आणि आजारी माणसाला कारखाना घरी बसवतो असं सगळी वस्ती म्हणायची. बाबा घरी बसले की माझी शाळाही बसली.

"ऐक ना..." मी कुजबुजले. "वाढवून लिही. माझ्यासाठी."

पेन्सिल तशीच थांबली. "अगं, पण—"

"माझं एवढंही ऐकणार नाहीस?"

त्याने खोडलं. तीनशे ऐंशी लिहिलं. मी पहिल्यांदाच त्याचा हात धरला आणि म्हणाले, "हे मी जन्मभर विसरणार नाही."

पुढे काय झालं? यादीतल्या एकालाही कारखान्याने घरी बसवलं नाही. शेजारच्या काकांना औषधं मिळाली, धुळीतून काढून पॅकिंगला घेतलं. ते आता दम न लागता जिना चढतात. बाबा मशीनवरच राहिले आणि पाचव्या महिन्यात तिथेच कोसळले.

डॉक्टरबाईंनी आमच्या घराचा कागद शोधून काढला आणि दोघांना बोलावलं. "तीनशे ऐंशी? शक्यच नाही. कुणी सांगितलं तुला हे लिहायला?"

त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"कुणी नाही, मॅडम. माझाच गाढवपणा."

मी गप्प बसले. त्याला कामावरून काढलं.

फाटकापाशी मी त्याला गाठलं. "का खोटं बोललास?"

"तुझं कॉलेज मॅडमच्या शिफारशीवर आहे ना? आणि... मला तू—" पुढचं त्याने गिळलं.

"मी आत जाऊन खरं सांगते."

"सांग," तो म्हणाला आणि उभा राहिला. खरंच उभा राहिला, बराच वेळ. माझ्यापासून त्या दारापर्यंत फक्त सहा पायऱ्या होत्या. मी त्या चढले नाही. मग त्याने मान हलवली, जणू त्याला माहीतच होतं, आणि तो गेला. त्यानंतर वस्तीत दिसला की तो रस्ता बदलतो.

मला शिफारस मिळाली, कॉलेजही मिळालं. बाबा आता खाटेवरून दारापर्यंत जाऊ शकत नाहीत. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर फुंकणी धरते. आज सगळ्यात मोठा आकडा आला एकशे दहा. मी वही उघडली.

"तो पेन्सिल का गं येत नाही हल्ली?" बाबा धापा टाकत हसले. "तो असता तर वाढवून लिहिलं असतं."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"भिंत केवढीशी आपली! सगळं ऐकू आलं होतं मला. बाहेर येऊन थांबवायला हवं होतं गं... पण मलाही बरंच वाटलं."

मी पेनने एकशे दहा लिहिलं.