अठरा पिवळ्या रेघा

म्हैसूरहून वरुणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ऊस उभा असलेल्या एका वळणापाशी कृष्णवेणीच्या मोटारीने पुढे जाण्यास नकार दिला, असे म्हणणे हा मोटारीवर अन्याय होईल. नकार कृष्णवेणीने दिला. काचेमागे एक तांबडा दिवा लागला होता. तांबड्या दिव्याकडे काणाडोळा करण्याइतकी ती बेफिकीर नव्हती, आणि तो दिवा कशाचा हे ठाऊक असण्याइतकी जाणतीही नव्हती. वय एकोणतीस, पेशाने इतिहासाची व्याख्याती. आठशे वर्षांपूर्वीच्या शिळेवरचे झिजलेले अक्षर ती बोटाने चाचपून ओळखत असे. मात्र चौदा वर्षे घरात असलेल्या मोटारीचे झाकण कुठून उघडते, हे तिला माहीत नव्हते. विद्वान घराण्यांत अशा अज्ञानाला कुलीनता म्हणतात.

"मेले, आजच रुसायचं होतं तुला?" ती मोटारीला म्हणाली.

"रुसली नाही हो ती. तहानलीये," मागून कोणीतरी उत्तरले... मराठीत!

ती गर्रकन वळली. जुन्या मोटारसायकलवरून एक तिशीतला मनुष्य उतरत होता. ऑगस्टातली भुरभुर त्याच्या केसांवर साखरेसारखी साचली होती. कपडे साधेच, पण शर्टाची बेतणी अशी की विद्यापीठातल्या एकाही प्राध्यापकाच्या अंगावर तसा शर्ट तिने पाहिला नव्हता.

"तुम्ही माझ्या मागे येत होता?"

"तुमच्या नव्हे, थेंबांच्या. नजरबाद ओलांडल्यापासून." त्याने रस्त्याकडे बोट केले. ओल्या डांबरावर तेलाच्या प्रत्येक थेंबाचे एकेक इंद्रधनुष्य पसरले होते. "आधी लांब लांब पडत होते. मग जवळ जवळ आले. म्हणजे तुम्ही गाडी हळू केलीत. म्हटलं, घाबरल्या आता."

"मी घाबरले नव्हते."

"होय की. मोटार घाबरली असंल."

पुढे काही विचारण्याआधीच तो त्या देखण्या शर्टासकट ओल्या रस्त्यावर उताणा झाला आणि मोटारीखाली दिसेनासा झाला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अय्यो! चेंबरचं पॅकिंग गेलंय, मॅडम."

"म्हणजे?"

"इंजिनाच्या पोटाखाली तेलाची परात असते. परातीच्या काठाला कॉर्कची पट्टी. ती पट्टी मेली." तो बाहेर आला, गालावर काळा ओघळ होता. "स्वल्प पुढे गेला असतात तर इंजिनच बसलं असतं. कुणीतरी बोल्ट फार आवळलेत. एकदा नाही, वर्षानुवर्षं."

वरुणेतल्या एका डेअरीच्या व्हॅनसाठी नेत असलेल्या डब्यातले तेल त्याने तिच्या इंजिनात ओतले आणि घरापर्यंत मागोमाग आला. फाटकाशी तिने पर्स उघडली.

"किती झाले?"

"तेल डेअरीचं, थेंब तुमचे," तो म्हणाला. "मी फक्त वाचले."

शिलालेख वाचणाऱ्या बाईने पर्स उघडीच ठेवून त्याचे नाव विचारले.

त्याचे नाव नरहरी. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या, घरी विठ्ठल आणि दुकानी शिवणयंत्र पुजणाऱ्या मराठी कुटुंबातला. वडील शेषगिरी यांचे देवराज मोहल्ल्यात शिवणाचे दुकान होते, आणि मुलाने कापड सोडून लोखंड हाती धरल्याचे दुःख ते अजूनही गिऱ्हाइकांना सांगत. गॅरेज दुकानामागच्याच बोळात होते.

कृष्णवेणी तिथे पोचली ती एका मोठ्या वर्कशॉपची पायरी चढून उतरल्यावर. तिथल्या गृहस्थांनी टाय लावला होता. त्यांनी सुबक टाइप केलेल्या कागदावर कळवले होते की, इंजिन संपूर्ण उतरवावे लागेल, परात नवी घ्यावी लागेल, आणि या सर्वाला तिच्या तीन महिन्यांच्या पगाराइतका खर्च येईल. कॉर्कची एक पट्टी, बोटभर रुंद! वडील तिरुमलराव, न्यायशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, यांनी तो कागद चष्मा वर करून वाचला आणि निकाल दिला, "यापेक्षा मोटार विकणं तर्कसंगत." ती मोटार आईने हट्टाने घ्यायला लावलेली होती. आई जाऊन सहा वर्षे झाली होती. तर्कशास्त्रात या विधानाला जागा नसते, म्हणून कृष्णवेणीने ते केले नाही. ती सरळ देवराज मोहल्ल्यात गेली.

"इंजिन उतरवायला कशाला पाहिजे?" नरहरी हसला. "चार बोटं उचललं की साकु, बास. परात काढतो, वाकलेला काठ लाकडी ठोकळ्यावर सरळ करतो. पॅकिंग मी कापतो."

आणि त्याने ते कापले ते वडिलांच्या शिवणाच्या मेजावर. परातीचा काठ खाकी कागदावर ठेवून त्याने पेन्सिल फिरवली, कागदावरून कॉर्कच्या तावावर शिंप्याच्या खडूने रेघ ओढली, आणि लांब कात्री अशी चालवली की कृष्णवेणीला श्वास सोडायचे भान राहिले नाही. घरातल्या पुरुषांचे हात तिने आयुष्यभर केवळ पाने उलटताना पाहिले होते.

"माप असं घेतात होय?"

"माणसाचं घ्यायचं असलं तर टेप लागतो." त्याने मान वर केली नाही. "तुमचं घेऊ काय?"

"मोटार दुरुस्त करा आधी!"

"आधी म्हणालात. लक्षात ठेवतो."

पलीकडे शेषगिरींच्या यंत्राची खडखड एकदम थांबली आणि मग दुप्पट वेगाने सुरू झाली.

परात बसवताना त्याने तिलाही मोटारीखालच्या खड्ड्यात उतरवले. अठरा बोल्ट होते. तो पाना दोनच बोटांनी धरत होता. "बोल्ट आवळायचा नसतो, मॅडम, समजवायचा असतो. धागा जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात, अल्वा? तसंच हे. जास्त जोर लावलात की कॉर्क बाहेर येतं आणि तेल वाट काढतं." शेवटी त्याने बारीक कुंचल्याने प्रत्येक बोल्टवरून काठापर्यंत पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढली. बोल्ट कणभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

सारा खर्च टायवाल्या गृहस्थांच्या कागदाच्या आठव्या हिश्शाहून कमी झाला.

त्यानंतर दर रविवारी तो 'गळती बघायला' येऊ लागला. गळती नव्हती. तरी तो बघत असे, आणि ती कॉफी घेऊन बघण्यात सहभागी होत असे. तिरुमलरावांनाही तो आवडला; त्याला ते न्यायशास्त्र समजावून सांगत, आणि तो असे नेमके प्रश्न विचारी की त्यांनी एकदा कौतुकाने म्हटले, "वेणी, हा शिकला असता तर...!" शिकला असता तर. चांगल्या माणसाला उंबऱ्यावरच थोपवून धरण्यासाठी सुशिक्षितांनी याहून सभ्य वाक्य अजून शोधलेले नाही.

"सर मला शिष्य करून घेणार बहुतेक," नरहरी एका रविवारी फाटकाशी म्हणाला.

"आणि तुम्हाला काय व्हायचंय?"

तो मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. "मला... दर रविवारी यायला कारण संपू नये, एवढंच."

 त्या दिवशी फाटक लावायला तिला बराच वेळ लागला.

मग दसरा आला. आयुधपूजेला मोटार झेंडूत बुडाली, चाकांखाली लिंबे चिरडली गेली, आणि पूजेनंतर तिसऱ्या दिवशी घरच्या गॅरेजमधल्या खड्ड्यात, मोटारीखाली, ताटाएवढे काळे थारोळे साचले.

तिरुमलराव व्हरांड्यात उभे होते. नरहरी निरोप मिळताच आला, खड्ड्यात उतरला, फार वेळ खालीच राहिला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा कोरा होता.

"माझंच काहीतरी चुकलं असंल, सर. परत बसवून देतो."

"नको," तिरुमलराव थंडपणे म्हणाले. "चूक माझीच. शिंप्यानं शिवलेली मोटार किती दिवस टिकायची? पुन्हा येण्याचे कष्ट घेऊ नका."

नरहरीने हात जोडले. कृष्णवेणीकडे एकदाच पाहिले, आणि गेला. मोटार सोमवारी विकायचे ठरले.

दुपारी वडील झोपल्यावर ती बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरली. वरून तेल मानेवर टपकत होते. तिने एकेक बोल्ट फडक्याने पुसला. पहिली पिवळी रेघ तुटलेली. दुसरी तुटलेली. तिसरी, चौथी... अठराच्या अठरा, सगळ्या एकाच, आवळण्याच्या दिशेला, जवळजवळ पाव वेढा. हा लेख झिजलेला नव्हता. वाचायला तिला क्षणही लागला नाही.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला तेलाचा थेंब आणि प्रत्येक सांध्याला स्वतःच्या हाताने एक पीळ द्यायचा, हा त्यांच्या घरचा कुळाचार होता. आजोबांनी तो विळी, रहाट आणि टांग्यासाठी पाळला. तिरुमलराव चौदा वर्षे तो मोटारीसाठी पाळत होते: सोवळे नेसून खड्ड्यात उतरून, सर्वशक्तीनिशी. वर्षभरात त्यांनी हाताने केलेले ते एकमेव काम होते.

तासाभरात ती देवराज मोहल्ल्यात होती, आणि तिचा आवाज इतका शांत होता की शेषगिरी आपण होऊन चहा प्यायला बाहेर निघून गेले.

"तुम्ही पाहिलं होतं."

"काय?"

"नरहरी, मी रेघा वाचून पोट भरते. तुम्हाला खाली गेल्याबरोबर कळलं होतं. मग खोटं का बोललात?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. "पूजा केली हो त्यांनी, खड्ड्यातल्या पान्याला कुंकू लागलेलं. एवढा मोठा माणूस वर्षातनं एकदा खड्ड्यात उतरतो, देवाचं म्हणून पाना धरतो. त्याला 'तुम्ही चुकलात' कसं म्हणू?"

"आणि स्वतःला कच्चा कारागीर म्हणवून घेतलंत, ते चाललं?"

"परवागिल्ला, चालतं. आम्हाला सवय असते."

"मला नाहीये!" ती उसळली. "ही नम्रता नव्हे, हा आमचा अपमान आहे. खरं ऐकण्याची आमची लायकी नाही असं तुम्ही ठरवलंत. आणि माझं काय? तुम्हाला पुन्हा आमच्या फाटकात पाऊल टाकता आलं नसतं, याचा विचार...?"

"तेवढाच केला." तो अगदी हळू बोलला. "दुसरं काही केलंच नाही मी तेव्हापासून."

बाहेर सरी कोसळू लागल्या; पत्र्यावर एकच कल्लोळ उठला.  तिला त्याच्या बाहीला हात लावावासा वाटला... आणि तिने तो लावला नाही.

"मी सांगू शकते अण्णांना," ती म्हणाली. "पण मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. जो माणूस माझ्या वडिलांसमोर स्वतःच्या कामाची बाजू घेऊ शकत नाही, तो उद्या माझी कशी घेईल? रविवारी सकाळी या. नाही आलात तर सोमवारी मोटार जाईल... आणि तिच्याबरोबर बाकीचंही."

रविवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. साडेनवाला फाटक वाजले.

तिरुमलराव वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "मी येऊ नका म्हटलं होतं."

"होय, सर. तरी आलो." त्याचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "पॅकिंग माझ्यामुळे गेलं नाही. तुम्ही बोल्ट आवळलेत, म्हणून गेलं. दरवर्षी त्याच्यामुळेच जातं. त्या दिवशी मी खोटं बोललो, त्याची क्षमा मागतो. कामाची मागत नाही. काम चोख होतं."

वर्तमानपत्र खाली आले. "प्रमाण?"

"खाली उतरून बघा."

चाळीस वर्षे इतरांकडून पुरावा मागणाऱ्या मनुष्याला तो नाकारता येत नाही. निदान मुलीदेखत नाही. तिरुमलराव धोतर खोचून खड्ड्यात उतरले. नरहरी त्यांच्यामागे बॅटरी धरून उतरला आणि रेघांचा अर्थ सांगू लागला. कृष्णवेणी वर उभी राहून श्वास मोजत होती.

खाली बॅटरीचा उजेड एकेका बोल्टवरून सरकत गेला. मग वडिलांचा आवाज आला. "माझ्या बायकोनं... वेणीच्या आईनं मला दोनदा सांगितलं होतं, इतका जोर लावू नका म्हणून. मला वाटलं, बायकांना काय कळतंय." थोडे थांबून ते म्हणाले, "किती आवळायचा असतो?"

"दोन बोटांनी, सर. असा."

"असा?"

"अजून हलका."

सत्तरीला टेकलेले तिरुमलराव शिडी चढून वर आले, ते दोन्ही हात अंगापासून दूर धरून, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत. त्यांनी मुलीकडे पाहिले, मग खड्ड्याकडे.

"नरहरी, मी तुम्हाला जे बोललो ते नीच होतं. वडिलांनाही सांगा. नको, मीच येऊन सांगेन." ते दारापर्यंत गेले आणि थबकले. "दर रविवारी केवळ मोटारीसाठी येत होतात, हे विधान मला आता संशयास्पद वाटतं."

"केवळ मोटारीसाठी नव्हतो येत, सर," खड्ड्यातून स्पष्ट उत्तर आले.

"वेणी, तुझं काय म्हणणं?"

"त्यांचं खरं आहे, अण्णा. आणि माझंही तेच."

तिरुमलरावांनी चष्मा वर केला. "मग शेषगिरींकडे मला नुसती क्षमा मागून परतता येणार नाही," ते पुटपुटले, आणि साबण शोधायला आत गेले.

नरहरी शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता. कृष्णवेणीने खाली वाकून हात पुढे केला.

"तेल आहे हाताला," तो म्हणाला. "काळं होईल सगळं."

"दिसतंय मला."

त्याने हात दिला. तिने त्याला वर ओढले, आणि तो पुरता वर आल्यानंतरही, आतून नळाचे पाणी बंद झाल्याचे ऐकू येईपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वेळ, तिने तो हात सोडला नाही.